राजानं जिच्यापायी गादी सोडली

मी चौथी शिकलेली. इंग्रजी मला येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. पण इंग्लंडच्या राजघराण्यातल्या भानगडी मला अमेरिकेत जाऊन पाठ झाल्या. सुपरमार्केटात पैसे द्यायच्या रांगेत मासिकं लावलेली असायची, त्यावर त्यांचेच फोटो. कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाचं मन दुसरीकडंच आहे. लेक रांगेत उभ्या उभ्या वाचून सांगायची. तेवढंच तिला हसू यायचं.

लेक जर्सी सिटीत होती, दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला. तिचे वडील ती सात वर्षांची असताना गेले. मी लोकांच्या घरी पोळ्या लाटून तिला शिकवली. जावई प्यायचा, हातही उचलायचा. फोनवर तिनं यातलं काही सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "आई, ये." मी पोचले तेव्हा ती नातीला घेऊन वेगळी राहायला लागली होती. हिवाळाभर आम्ही तिघी एका खोलीत, एका गादीवर. हीटर सारखा बंद पडायचा. अंगात कोट घालून मी पोळ्या केल्या.

डिव्होर्सचा कागद मार्चात हातात आला. पण मराठी लोकांत मी सांगून ठेवलं होतं, जावई टेक्ससला कामाला गेलाय. लेक म्हणायची, सांगून टाकू. मीच नको म्हणायचे. त्या परक्या मुलखात तिला तेवढी चार घरं होती, अडीनडीला गाडी घेऊन येणारी. तीच तुटली तर? मला उन्हाळ्यात परत यायचंच होतं. मग तिनं कुणाकडं बघायचं?

चैत्रातलं हळदीकुंकू एका डॉक्टरांच्या घरी होतं. त्यांच्या बायकोला सगळ्या काकू म्हणायच्या, त्यांचा शब्द चालायचा. तिकडं कैरी मिळायची नाही. हिरवी आंबट सफरचंदं किसून, लिंबू पिळून आंबेडाळ करायची. ती करायला मी लवकर गेले. माझ्यासारखी विधवा बाई स्वयंपाकघरातच बरी. लेक ड्युटी संपवून येणार होती.

त्याच आठवड्यात ती बाई वारली होती, जिच्यापायी इंग्लंडच्या एका राजानं पन्नास वर्षांपूर्वी गादी सोडली होती. बाई मूळची अमेरिकेतली, म्हणून टीव्हीवर सारखं तेच. हॉलमध्ये बायकांचं त्यावरच चाललेलं.

"दोन डिव्होर्स झालेली, तरी राजानं राज्य सोडलं," एक म्हणाली. "आमचे हे माझ्यासाठी टीव्हीवरची मॅच सोडत नाहीत."

"सासूनं जन्मात तोंड बघितलं नाही म्हणे तिचं."

"बघेल कशी? घर मोडणारी बाई ती."

"कुणाचं घर मोडलं? राजा तर बिनलग्नाचा होता."

माझे हात थांबले. मनात आलं, आपल्या लेकीला काय म्हणतील ते आत्ताच कळेल. पातेलं घेऊनच मी दारात गेले आणि विचारलं, "ती बाई वाईट होती का हो?"

"मावशी, तुम्हाला कशाला तिची काळजी?"

"विचारते आपली."

काकू सफरचंदाचंच पन्हं ढवळत होत्या. म्हणाल्या, "तिचा पहिला नवरा प्यायचा म्हणे. त्याला सोडलं, त्यात तिचं काय चुकलं?"

मी पातेलं खाली ठेवलं.

"आमचाही प्यायचा," मी म्हणलं. "टेक्ससला नाही गेला तो. डिव्होर्स झालाय, मार्चात."

घर मोडणारी म्हणालेली बाई बांगड्या मागंपुढं करायला लागली.

काकू म्हणाल्या, "ह्यांना तो इथल्याच पेट्रोल पंपावर भेटला होता, दोनदा. तुम्ही टेक्सस म्हणालात, म्हणून आम्हीपण टेक्सस म्हणलं."

"मला कुणी सांगितलंच नाही," मॅचवाली म्हणाली. "मी माझ्या भावाला सांगून बसलेय, ह्यूस्टनमध्ये त्याला शोध म्हणून."

सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं. बांगड्यावाली हळूच म्हणाली, "मी त्या राजाच्या बाईबद्दल बोलत होते हं, मावशी."

"ठाऊक आहे गं."

एवढ्यात लेक आली, कामावरच्या कपड्यातच. दारातनं तिनं माझ्याकडं बघितलं.

"सांगितलं," मी म्हणलं.

काकूंनी कुंकवाचा करंडा उचलला तशी ती मागं सरली. "काकू, मला नको. माझं आता..."

"कपाळ आहे ना? इकडं कर."

हळद लावली, कुंकू लावलं, ओंजळीत भिजवलेले हरभरे घातले. "आता डाळ खा. पहाटेपासून उभी असशील."

येताना मी काकूंच्या गाडीत झोपले. पोचल्यावर लेकीनं हलवून उठवलं.

जूनमध्ये मी परत आले. पुढच्या थंडीत लेकीचं पत्र आलं. नातीला ताप भरला होता आणि बर्फात गाडी घेऊन बांगड्यावालीच आली होती.