काढून टाकलेलं पाणी

वर्गात सगळे तिला काकू म्हणत. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं होतं, "काकू, मुलीला सोडायला आलात का?" तिनं मान न वळवता सांगितलं, "नाही रे, मुलगीच मला सोडून आत्ता गेली." तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्याआधी चौदा वर्षं तिनं औषधाच्या दुकानात काउंटर सांभाळला होता. गोळी कधी घ्यायची, जेवणाआधी की नंतर, हे गिऱ्हाइकं विचारत. ती पोटात गेल्यावर नेमकी कुठं जाऊन बसते, हे कुणीच विचारत नसे. तिला मात्र तो प्रश्न छळायचा. मुलगी कॉलेजात गेली त्याच वर्षी हिनंही अर्ज भरला. नवरा म्हणाला, "म्हणजे घरात अडाणी मी एकटाच राहणार!" आणि तिचा फॉर्म स्वतः पोचवून आला.

शेवटच्या सत्रात प्रकल्प होता. एका जिवाणूच्या प्रथिनात एक खोबण असते. तिच्यात चाळीस नव्या रेणूंपैकी कोणता नीट बसेल, ते कॉम्प्युटरवर शोधायचं. पण आधी एक चाचणी. खोबणीत बसणारं जे औषध माहीत आहे, ते बाहेर काढायचं आणि प्रोग्रामला म्हणायचं, परत बसव. मूळ जागी बसलं तरच पुढं जायचं. तिचं औषध अकरा वेळा उलटं बसलं. डोकं बाहेर, शेपूट आत.

"शुक्रवारपर्यंत नाही जमलं तर विषय बदला," मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. वयानं तिच्याहून आठ वर्षांनी लहान, पण बोलणं रोखठोक. "मागच्या वर्षीचा सोपा विषय देते. पास तरी व्हाल."

नुसतं पास व्हायला ती आली नव्हती. पण हे बोलून दाखवायला हातात काहीतरी हवं.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रथिनाची मूळ फाइल उघडली. एकेका अणूची एकेक ओळ, अशा हजारो. शेजारच्या खुर्चीवरचा चष्मेवाला हसला. "काकू, हे कुणी वाचत नाही."

"औषधाच्या खोक्यातला कागदही कुणी वाचत नाही. मी वाचायचे."

बुधवारी दुपारी सापडलं. प्रयोगशाळेच्या भिंतीवर सूचनांचा कागद होता, त्यातली तिसरी पायरी: पाण्याचे रेणू काढून टाका. प्रथिनाभोवती अडकलेलं ते पाणी सगळेच एका क्लिकमध्ये झाडून टाकत. तिनंही टाकलं होतं. मूळ फाइलीत मात्र पाण्याचा एक रेणू खोबणीच्या तळाशी होता, एकीकडे प्रथिनाला धरून, दुसरीकडे औषधाला. तो गेला की तिथं रिकामी जागा पडायची आणि औषध आपलं शेपूट तिच्यात खुपसायचं.

तिनं तेवढं एक पाणी ठेवलं आणि चाचणी पुन्हा लावली. औषध जिथल्या तिथं बसलं.

"काकू, पार्टी!" चष्मेवाला खुर्चीसकट सरकत आला.

"थांब. आधी बोलणी खायची आहेत." भिंतीवरच्या कागदाखाली मॅडमची सही होती.

गुरुवारी मॅडमनी सगळं ऐकलं. "म्हणजे माझा कागद चुकीचा?"

"एरवी बरोबर आहे. ह्या प्रथिनाला नाही चालत."

"आणि परीक्षक म्हणाले, उत्तर माहीत होतं म्हणून बाईंनी सोयीचं पाणी ठेवलं, तर?"

हा प्रश्न तिनं काल स्वतःलाच विचारला होता. तिनं पिशवीतून कागद काढले. ह्याच प्रथिनाच्या, इतरांनी प्रयोग करून टिपलेल्या नऊ रचना. सातांत पाणी त्याच जागी. "त्यातल्या दोनांत तर औषध घातलेलंच नाही, मॅडम. तरी पाणी आहे."

"उरलेल्या दोन?"

"त्या धूसर आहेत. त्यांत कुठलंच पाणी दिसत नाही."

मॅडमनी पानं पुन्हा पहिल्यापासून उलटली. मग पेन उचलून वरच्या पानावर लिहिलं, 'प्रकरण पहिलं'. "विषय तोच राहू दे," त्या म्हणाल्या. "चाळीस रेणू कधी सुरू करताय?"

"आत्ता."

जिन्यातूनच तिनं घरी फोन लावला. "उशीर होईल. जेवणाचं बघाल?"

"बघतो. करपलं तर मात्र बोलायचं नाही," नवरा म्हणाला. "जमलं का?"

"चाचणी जमली. खरं काम आता सुरू."

पहिला रेणू खोबणीत धड बसेना, नुसताच काठावर लोंबकळत राहिला. तिनं वहीत तसं लिहिलं आणि दुसरा लावला.