खिडकीवरच्या दोन चपात्या

बायको गेल्यापासून मी लालबागला महिला मंडळाच्या खिडकीवरून रोज एक वाजता दोन गरम चपात्या घ्यायचो. तिथे एक माणूस भेटला. मंडळानेच त्याला बोलावलं होतं. एकाच शेगडीवर ऑफिसांचे डबे, लाडू आणि खिडकीची विक्री चालते, त्यात गॅस आणि बायांचे हात कुठे वाया जातात ते मोजायला.

घड्याळ मनगटावरून काढून तो मुठीत धरायचा. चहा विचारला की म्हणायचा, "नको ताई, तो गॅस कोणाच्या नावावर टाकू? डब्यांच्या की लाडवांच्या?" बाया हसायच्या. तो नाही.

एकदा मला म्हणाला, "आजोबा, डबे साडेअकराला संपतात. पुढे तुमच्यासारख्या तिघा-चौघांसाठी तवा तापत ठेवतात. तेवढ्यात लाडवांचं बेसन भाजून होईल."

"मग आम्ही काय उपाशी मरायचं?" मी भडकलोच.

तो आत जाऊन बायांशी बोलला आणि परत आला. "खिडकी बंद नाही होणार. फक्त अकराला या. तेव्हा तवा तापलेलाच असतो."

बंद करा म्हणाला असता, तर कोण अडवणार होतं त्याला?

आता अकराला जातो. पण आमची ही एक वाजता वाढायची, त्यामुळे त्याआधी घास उतरत नाही. तोवर चपात्या गार होऊन चिवट होतात.

परवा तो रस्त्यात दिसला. "काय आजोबा, गरम मिळतात ना?"

"मिळतात," मी म्हटलं. मिळतात गरमच.