आजारी अळीला मध

खाज्याच्या बापाला जगात दोनच गोष्टींचा मनापासून राग होता. एक, फुकटचा सल्ला देणारा माणूस आणि दुसरी, मेण खाणारी अळी. चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. बाप मोहोळ काढण्यात पटाईत. तासभर कड्याला लटकून पोळं हाती यावं आणि आत जाळं विणून बसलेल्या गुबगुबीत अळ्या निघाव्यात, की तो ते पोळं तसंच दरीत भिरकावायचा आणि अळीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. खाली उभा असलेला भुऱ्या, त्यांचा कुत्रा, मालकाच्या बाजूने भुंकायचा.

आता त्याच बापाचा लेक जळगावात एका प्रयोगशाळेत तीच अळी पाळतो आणि वर पगार घेतो. बाप असता तर आधी हसला असता आणि मग दोन दिवस बोलला नसता.

खाज्याचं काम तसं सोपं. बरण्यांमध्ये कोंडा आणि मध कालवून अळ्यांना घालायचा, उबदार जागी ठेवायचं, चांगल्या पोसलेल्या, दुधाळ रंगाच्या अळ्या निवडून हेमांगी मॅडमसमोर ठेवायच्या. मध कालवताना दर वेळी त्याला गावचं घर आठवायचं. लहानपणी बोटभर मधासाठी भावंडांची झोंबाझोंबी व्हायची, आणि इथे अळ्यांची रोजची मेजवानी! "मॅडम, मागला जन्मले ह्या सावकार व्हत्यात का?" असं त्याने एकदा विचारलंही होतं. हेमांगी मॅडम खूप हसल्या होत्या.

मॅडमचं संशोधन पाळीव जनावरांच्या आतड्यातल्या जंतूंवर. कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतून जंतू वेगळे काढायचे, त्यांचा एक बारीक थेंब सुईने अळीच्या अंगात सोडायचा. जंतू साधा असेल तर अळी तशीच दुधाळ राहते. घातक असेल तर काळी पडून मरते. "अळीचं अंग जंतूशी पुष्कळसं आपल्यासारखंच लढतं खाज्याभाऊ," मॅडमनी समजावलं होतं, "म्हणून उंदरांना त्रास द्यावा लागत नाही." अळीचं काय, हे विचारायचं खाज्याच्या ओठावर आलं होतं, पण नोकरी नवीन होती.

शहरातल्या घरोघरच्या कुत्र्यांचे नमुने येऊ लागले, तेव्हा खाज्या म्हणाला, "आमना भुऱ्यानंबी पहा ना मॅडम." त्यात जरा मिरवणंही होतं. पामेरियन आणि लॅब्राडोरच्या रांगेत आपल्या गावठी कुत्र्याचं नाव लागावं, एवढंच.

भुऱ्या आता म्हातारा झाला होता. बाप गेला आणि गावचं घर बंद झालं, तेव्हा खाज्याने त्याला केळीच्या गाडीतून जळगावला आणलं होतं. असोदा रस्त्याच्या कडेला त्यांची एक खोली आणि पुढे हातभर अंगण. खाज्या, बायको चमेली, चार वर्षांची रूपा आणि भुऱ्या. बापाची एक रीत खाज्याने सोडली नव्हती. बाप रोज भुऱ्याला आपल्याच ताटात जेवू घालायचा. "जो संगे हिंडस, त्यानी संगेच जेवानं," म्हणायचा. आता खाज्याचं ताट, एका कडेला भुऱ्याचं तोंड आणि मांडीवर रूपा, असं संध्याकाळचं जेवण चालायचं. त्या वेळी खाज्याला बाप शेजारी बसल्यासारखा वाटायचा. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

रूपाचं पोट मात्र सारखं बिघडायचं. बरी झाली म्हणावं तर पुन्हा जुलाब. हातापायाच्या काड्या झालेल्या. चमेली पाण्याला दोष द्यायची, शेजारीण नजरेला द्यायची.

भुऱ्याचाही नमुना आला. नळीवर मॅडमनी 'भुऱ्या' असंच लिहिलं होतं. त्यातले जंतू टोचलेल्या अळ्यांची बशी खाज्याने उबेच्या पेटीत ठेवली. संध्याकाळी निघताना पाहिलं तर अळ्या मलूल, अंगावर काळसर ठिपके. त्याला काय वाटलं कोण जाणे! त्यांच्या गावी पोर आजारी पडलं की आधी बोटभर मध चाटवतात, मग बाकीचं. त्याने मधाची बरणी उघडली आणि काडीने एकेका अळीच्या तोंडाशी थेंब लावला.

सकाळी मॅडमनी बशी उघडली. आत सगळं चिकट झालेलं.

"हे काय आहे?"

"आजारी व्हत्यात ना मॅडम. म्हनीसन मध दिना."

"अहो खाज्याभाऊ, आजारी पडतात का, तेच तर बघतोय आपण!" मॅडम हसू लागल्या आणि हसता हसता थांबल्या. टोचल्यावर बाकीच्या अळ्या उपाशी ठेवलेल्या आणि भुऱ्याच्याच तेवढ्या मध खाल्लेल्या, म्हणजे तुलना बाद. सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं.

दुसऱ्यांदा खाज्याने मधाच्या बरणीकडे पाहिलंही नाही. सकाळी पेटी त्यानेच उघडली. तुलनेसाठी नुसतं खारं पाणी टोचलेल्या अळ्या दुधासारख्या, वळवळणाऱ्या. आणि भुऱ्याच्या? एकही दुधाळ उरली नव्हती.

"बठ्ठ्या काया व्हई ग्यात," तो म्हणाला. मग हळूच विचारलं, "मॅडम, रूपानं पोट..."

मॅडमनी त्याला खुर्चीवर बसवलं. रूपाचं दुखणं भुऱ्यामुळेच आहे असं यावरून म्हणता येत नाही, म्हणाल्या. तिची तपासणी होईल तेव्हा कळेल. भुऱ्यालाही जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. "पण आजपासून ताट वेगळं. आणि त्याला हात लावला की साबणाने हात धुवायचे, रूपाचेसुद्धा."

घरी चमेलीने ऐकलं आणि एका दमात सांगितलं, "त्याले गावले धाडी द्या. माले मनी पोर पाहिजे."

तिचं काही चुकत नव्हतं. पण गावी होतं कोण? भावंडं केव्हाच पांगली होती. बंद दाराशी बसून म्हातारा कुत्रा किती दिवस काढणार? बापाच्या बाजूने कड्याखाली उभं राहून भुंकलेलं, बापाचा आवाज ओळखणारं त्याच्याजवळ आता तेवढंच एक उरलं होतं. "एक डाव वेगळं ताट करी पाहू," खाज्या म्हणाला. चमेलीने रूपाचे हात साबणाने धुवायला घेतले.

संध्याकाळी त्याने बाजारातून पत्र्याची थाळी आणली, अंगणाच्या टोकाला ठेवली आणि भाकरी कुस्करली. भुऱ्याने थाळीकडे पाहिलंच नाही. तो नेहमीसारखा उंबऱ्याशी आला आणि खाज्याच्या ताटाजवळ तोंड नेऊ लागला. खाज्याने त्याला हाताने मागे सारलं. आयुष्यात पहिल्यांदा. भुऱ्या उभाच राहिला, शेपूट हलवत, काहीतरी चुकून झालं असेल अशा भरवशाने. पुन्हा पुढे आला. खाज्याने पुन्हा सारलं.

मग तो मुकाट्याने थाळीपाशी जाऊन बसला, पण खाईना. खाज्याने आपलं ताट उचललं, अंगणात गेला आणि त्याच्यापासून चार हात लांब मातीत मांडी घातली. एक घास खाल्ला. भुऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, थाळीकडे पाहिलं, आणि मान खाली घालून खायला लागला.

बाप गेला तेव्हा खाज्या रडला नव्हता. लाकडं आणायची होती, पाहुण्यांना कळवायचं होतं, घर आवरायचं होतं. पण आता ताटाची ती कड रिकामी दिसली आणि त्याला एकदम कळलं की बाप गेला. घास तसाच हातात धरून तो हुंदके देऊ लागला.

दारातून रूपा बघत होती. चमेलीने तिला घट्ट धरून ठेवलं होतं. "बा, तिखट लागनं का?" रूपाने विचारलं.

"हा माय," खाज्या म्हणाला, "लई तिखट लागनं."