कमलाताईंच्या विहिरीतले जंतू

नागपूरहून निघताना माझ्या हातात शीतपेटी होती आणि मनात धाकधूक. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात पटकीची साथ आली होती. आजाऱ्यांचे नमुने आमच्या प्रयोगशाळेत पोहोचले होते. मला तिथलं पाणी आणायचं होतं.

दारव्ह्याला एसटी सोडून शेअर जीप धरली. दोन्ही बाजूंना सोयाबीन निघालेली मोकळी वावरं (शेतं), मध्येच कपाशीचे हिरवे पट्टे.

गावाच्या थांब्यावर कमलाताईंचं हॉटेल. एरवी सकाळी तर्री-पोह्यांना (तर्री म्हणजे झणझणीत रस्सा) झुंबड असते म्हणे. त्या दिवशी चूल थंड होती. आधीच्या तपासणीत त्यांच्या परसातल्या विहिरीत पटकीचे जंतू सापडले होते आणि गावानं दोष त्यांच्या माथी मारला होता. शेजारची म्हातारी दवाखान्यात अत्यवस्थ होती.

"कोणी बोलून नाही राह्यलं माह्यासंग," त्या म्हणाल्या. "आता मलेच वाटते, माह्याच हातानं झालं असंन."

मी विहिरीचं पाणी बाटलीत भरलं. मग त्यांनीच मला नाल्याकडे नेलं. तिथे नळाच्या पाइपाचा सांधा फुटून घाण पाणी आत जात होतं. त्या पाइपातलं पाणीही भरलं. गावात सांगितलं, पाणी उकळून प्या, पाइप बघा. कुणी मनावर घेतलं नाही.

निघण्यापूर्वी मी चहा मागितला.

"इथं पेसान तुमी?" कमलाताईंनी विचारलं. चहा त्यांनी इतका उकळला की कडू झाला. मी संपवला.

परतीच्या जीपमध्ये ड्रायव्हरनं विचारलं, "म्याडम, पेटीत काय हाय?" खरं सांगताच दोघे प्रवासी खाली उतरले. ड्रायव्हर हसला. "झाकण घट्ट हाये ना? मंग कायले भ्यायचं? बसा."

प्रयोगशाळेत आम्ही त्या जंतूंचा जनुकीय आराखडा अक्षर न् अक्षर वाचला. पटकीच्या जंतूचं विष मुळात त्याचं नसतं. जंतूंनाच लागण करणारा एक विषाणू ते त्याच्यात घालतो. आजाऱ्यांच्या जंतूंत तो विषाणू होता. पाइपातल्या जंतूंतही होता, आणि दोन्ही जंतू जवळजवळ तंतोतंत सारखे. विहिरीतले जंतू वेगळ्याच कुळाचे. त्यांच्यात तो विषाणूही नव्हता आणि ते विषही नव्हतं. माझा विश्वास बसेना, म्हणून पुन्हा तपासलं. तेच आलं.

मी फोन केला. "ताई, साथ तुमच्या विहिरीतून आली नाही. नळाच्या पाइपातून आली."

पलीकडून हुंदका ऐकू आला. मग त्या म्हणाल्या, "हे गावासमोर सांगसान?"

त्यांनी फोन चौकात नेऊन स्पीकर लावला. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. तेव्हा एका पुरुषाचा आवाज आला, शेजारच्या म्हातारीचा मुलगा असावा, "माही माय काल दवाखान्यातून घरी आली. ताई, चुकलं आमचं."

मला वाटलं, आता कमलाताई चार शब्द सुनावतील. तसा त्यांना हक्कच होता. पण त्या एवढंच म्हणाल्या, "चाला, पह्यले तो पाइप दुरुस्त करा."

फोन ठेवला आणि कितीतरी दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला. आजवर अहवालाखाली सही केली की माझं काम संपायचं. तो कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवावा लागतो, हे मला त्या गावानं शिकवलं.