धर्मपाल बाबूंची बदली

नवं राज्य झालं आणि धर्मपाल मेश्रामांच्या संसाराच्या मधोमध सरहद्द आली. बायको मायाबाई वारासिवनीच्या सरकारी शाळेत मास्तरीण, ती मध्य प्रदेशात राहिली. हे रायपुरात, सरकारी कॉलेजच्या वसतिगृहाचे बाबू, हे छत्तीसगडात.

आता बाबू म्हणजे मोठा हिकमती माणूस! जुलैत बस्तर-सरगुज्याकडची पोरं यायची, बावरलेली, भरल्या डोळ्यांची. बाबू समजूत घालत बसत नसत. जो जास्त रडेल त्यालाच दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर धाडायचे, "जा, नवे आले असतील, घेऊन ये." कालचा रडका आज दुसऱ्याचं बोचकं डोक्यावर घेऊन ऐटीत पुढे चालायचा, वाटेत ब्राह्मणपाऱ्यातली खानावळसुद्धा दाखवायचा!

पोरं रुळली, बाबू काही रुळले नाहीत. शनिवारी गाडी धरायची, गोंदियावरून पुढं घर गाठायचं, रविवारी जेवलं की परत. धाकटी लेक अपर्णा तर दारातून ओरडायची, "आई, पाहुणे आले!" बाबूही पाहुण्यासारखे हसून दारातच उभे राहायचे. अर्ज करून करून चपला झिजल्या, तेव्हा कुठं वारासिवनीला बदलीचा हुकूम निघाला.

निरोप घेताना रडू फुटेल म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तिथंच फसले. शिपायाकडून पोरांना कुणकुण लागली आणि पोरांनी ठरवून टाकलं, सरकार बाबूजींना हाकलून राहिलं! पूर्वी मंत्री भोपाळला बसायचे, कोण जातंय तिथवर? आता राजधानी दाराशी. सगळी फौज पायीच बंगल्यावर गेली. मंत्री पोरांच्याच मुलखाचे निघाले. त्यांनी फोन उचलला आणि बदली रद्द!

संध्याकाळी झेंडूचा हार गळ्यात पडला. विशाल नावाच्या दांडग्या पोरानं पेढा तोंडात कोंबला. "बाबूजी, अब आपको कोई नहीं हटा सकता!"

बाबूंनी तोंड उघडलं, बदली आपणच मागितली होती हे सांगायलाच. पण त्या सगळ्या उजळलेल्या तोंडांकडे पाहिलं आणि पेढा गिळला.

एसटीडी बूथवरून त्यांनी बायकोला फोन लावला. झालं ते सगळं सांगितलं.

"त्यायले खरं काहून नाही सांगतलं जी?"

"कसं सांगू? नाचून राहिले होते पोट्टे."

"अन् अपर्णाले मी काय सांगू?"

बाबूंनी फोन ठेवला. बाहेर विशाल आणि दोघं-तिघं वाट पाहत उभेच. "अकेले मत घूमिए बाबूजी, फिर कोई आर्डर पकड़ा देगा." दोन्हीकडून हात धरून त्यांनी बाबूंना खोलीवर आणलं.

बांधलेलं सगळं सामान पोरांनी सोडून जागच्या जागी लावलं होतं. खुंटीवर सदरे, चुलीपाशी डबे. रिकामी लोखंडी पेटी माळ्यावर चढवली होती, पार आत सरकवून. एकट्या माणसाचा हात पोचू नये इतकी आत.

"ठीक है न, बाबूजी?"

बाबू माळ्याकडे बघत राहिले. मग पोरांच्याच छत्तीसगडी बोलीत म्हणाले, "हव, बने करेव." छान केलंत.