वरून प्यालेली वाइन

पासष्टच्या लढाईत जबलपूरच्या तोफांच्या फॅक्टरीत आमच्या नवऱ्यांना बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या आणि आम्हा बायकांना संध्याकाळची मोकळीक मिळाली. देशावर संकट आणि मी खुशीत, हे कबूल करायला लाज वाटते, पण खरं आहे.

अशाच एका संध्याकाळी शेजारच्या आंटींनी मला आणि माझ्या मैत्रिणीला बोलावलं. आंटी अँग्लो-इंडियन, रेल्वेच्या ड्रायव्हरची विधवा. बंगलोरला बहिणीकडे कायमच्या निघाल्या होत्या. दर नाताळाला मनुकांची वाइन घालायची आणि एक बाटली जुनी व्हायला ठेवून द्यायची, हा त्यांच्या घरचा रिवाज. उरलेल्या चार बाटल्या गाडीत फुटतील म्हणून त्या संपवायच्या होत्या. औषधापुरती घेऊ, असं एकमेकींना बजावत आम्ही गेलो.

काचसामान पेट्यांत बांधलेलं, बाहेर एकच ग्लास. तिघींनी एकाच ग्लासातून प्यायचं म्हणजे उष्टं! मग आम्ही दोघी तांब्यातलं पाणी प्यावं तशी वाइन वरून घशात ओतू लागलो. वास घ्या, जिभेवर घोळवा, असं आंटी परोपरीने सांगत होत्या. पण जिभेला पत्ता लागायच्या आत ती पोटात पोचत होती. मैत्रिणीला ठसका लागला, अर्धी वाइन पदरावर. मी हसले तर म्हणते, "काहून हसून राहिली? तुझ्या हनुवटीवरून बी गळून राहिली." तीन बाटल्या आम्ही अशा चाखल्या आणि सगळ्या छान आहेत म्हणून ठोकून दिलं.

चौथी मात्र आंटी उघडेनात. ती त्यांच्या नवऱ्याने स्वतः घातलेली, शेवटची. आंबून तिचं व्हिनेगर झालं असेल तर त्याच्या हातचं काहीच उरणार नाही, या भीतीने त्यांनी सात वर्षं तिला हात लावला नव्हता. गाडीत फुटण्यापेक्षा इथे उघडलेली बरी, असं मैत्रिणीने समजावल्यावर त्यांनी बूच काढलं. एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"सिरका हो गया," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते.

मला फार वाईट वाटलं. मी तोच ग्लास उचलला आणि सरळ ओठाला लावला. वास घेतला, घोट जिभेवर घोळवला, अगदी त्यांनी शिकवलं तसं. दात आंबले. मैत्रिणीने माझ्या हातून ग्लास घेतला आणि तिनेही ओठाला लावला.

"खट्टा तो है, आंटी," मी म्हटलं, "लेकिन पीछे से मुनक्का आता है."

आंटींनी ग्लास परत घेतला. सावकाश, डोळे मिटून घोट घेतला आणि मान हलवली. नवरा नेहमीच दुप्पट मनुका घालायचा, त्यावरून दरवर्षी आमचं भांडण व्हायचं, हे सांगताना त्या हसायलाच लागल्या. ती बाटली आम्ही तिघींनी तोंडं वाकडी करत संपवली.

पहिल्या तीन बाटल्यांची चव मला आजही सांगता येणार नाही. चौथीची तेवढी येते.