माझी डावी बाजू

माझा डावा कान लहानपणापासून बहिरा. पोळ्याला हसनाबादच्या घरी तीन चुलत भाऊ जमले की पुरणपोळ्या हाणून आम्ही मोबाईलवर लढाईचा गेम मांडतो. तिघंही दरवेळी गेममध्ये मुद्दाम माझ्या डावीकडून येऊन मला मारायचे आणि वर दात काढायचे.

यंदा मी थरथरणारा वायरलेस हेडसेट घेऊन गेले. डोक्याला जड, चार्जिंग ऐन वेळी संपणार, कान घामानं चिंब, सगळं मान्य. पण डावीकडं पाऊल वाजलं की तो डाव्या कानशिलावर थरथरतो. मी गर्रकन वळले आणि एकेकाला उडवलं.

"पाठीला डोळे हायत काय गं तुझ्या?" थोरला ओरडला.

कान अजून बहिराच आहे. पण आता त्या बाजूनं यायची कुणाची छाती होत नाही.